तापलेल्या डोक्याचा नंबर

"बाबा, सव्वानऊ झाले! साडेदहाला गणिताचा पेपर आहे आणि माझं हॉलतिकीट तुमच्या त्या पेटीत आहे!" लेक कडाडली.

बाबा लोखंडी पेटीपुढे मांडी ठोकून आकडे फिरवत होते. त्यांचं कुलपांचं आणि अशा पेट्यांचं दुकान होतं आणि खोड अशी, की घरात कुणावर भडकले की पेटीचा नंबर बदलून टाकायचे. काल आईवर भडकले होते आणि आज नवा नंबर आठवत नव्हता.

"आपल्या लग्नाचं साल लावा," आई म्हणाली.

"लावलं."

"चुकीचं लावलं असणार!"

"मग फोडा ना ती!" लेक.

"मी विकतो ती पेटी मीच फोडू? गिऱ्हाईक तोंडात शेण घालेल!"

"वय झालंय तुमचं!" आई म्हणाली.

"पन्नाशीत कसलं वय? तुम्ही किंचाळता म्हणून आठवत नाही!"

"गप बसा सगळे!" आजी गरजली. तिची हयात नर्सच्या नोकरीत गेलेली. "डोकं तापलं की आठवण पळते. आधी त्याला थंड करा."

मग पंखा लागला, पाणी आलं, सगळे दातओठ खात गोड बोलू लागले. बाबांनी डोळे मिटले. पावणेदहा झाले.

"आठवलं?"

"नाही गं. पण छान वाटतंय."

लेकीने कपाळावर हात मारला आणि तिथेच तिची ट्यूब पेटली. "नंबर बदलताना तुम्ही असेच शांत होता?"

"छे! रागाने थरथरत होतो!"

"आई, कालचं भांडण काढ!"

आईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "भाऊजींचं दुकान बघा, कुठल्या कुठे गेलं! तुम्ही बसा जन्मभर किल्ल्या घासत!"

बाबा लालबुंद झाले. "त्याचं कौतुक मला सांगू नकोस!" असं ओरडताना त्यांची बोटं आपोआप फिरली. सात, तीन, नऊ, दोन. खट्ट!

लेक हॉलतिकीट हिसकावून सायकलवरून सुसाट सुटली. शाळेत पोचली तेव्हा पेपर नुकते वाटत होते.

पहिलाच प्रश्न बघून ती खूश झाली. हे सूत्र तिने महिनाभर घोकलं होतं. पण लिहायला जावं, तर डोकं कोरं! तिने श्वास घेतला, पाणी प्यायलं, शंभरपासून उलटे आकडे मोजले. काही नाही. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि तिचं सगळं पाठांतर झालं होतं ते आईबाबांच्या भांडणात, त्यांच्यावर खेकसता खेकसता.

तिने हात वर केला.

"काय गं, पुरवणी हवी?" बाई हळूच म्हणाल्या.

"नको. बाई, माझ्यावर जरा ओरडता का?"