गंधालीला आकड्यांनी उत्तर

उतारावर गंधाली आपल्याला मागे टाकते यात आपला दोष नाही, दोष सस्पेन्शनचा आहे, असं मरोळच्या सर्वेश परबने सायकलवाल्यांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. वर रविवारी आकड्यांनिशी सिद्ध करतो, असंही लिहून बसला.

शनिवारी दुपारी त्याने धक्के झेलणाऱ्या पुढच्या फोर्कला सेन्सर बांधला आणि लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवलं. पहिल्याच फटक्यात ग्राफ म्हणाला, फोर्क दीड मीटर दबू शकतो. एवढी तर अख्खी सायकल उंच नव्हती! मापं भरताना मिलिमीटर-सेंटिमीटरचा घोळ झाला होता. तो निस्तरला, तर रेघ साफ आडवी पडली. सर्वेश हॉलमध्येच सायकलवर बसून उड्या मारू लागला. रेघ आडवी. सॉफ्टवेअर काढून दोनदा नव्याने टाकलं, तरी रेघ आडवीच.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या द्रौपदीकाकू भांडायला वर आल्या. त्या उड्यांनी त्यांच्या घरचा पंखा हलत होता. त्यांची अंगकाठी बघून सर्वेशने त्यांनाच हँडल दाबायची गळ घातली. काकूंनी भांडणाचा सगळा जोर हँडलवर काढला. रेघ ढिम्म. शेवटी त्याने कंपनीच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं, मुळात फोर्क हलतोय का ते पाहा. सर्वेशचं टाळकंच सरकलं. आठ महिने सायकल चालवणाऱ्याला हे विचारतात म्हणजे काय, असं तो काकूंनाच ऐकवू लागला.

लसूण सोलत बसलेल्या त्याच्या आईने, मालनने, मान वर केली.

"तां वरचां निळां बटान मी रोज बंद करतंय हां," ती म्हणाली. "गॅसचां करतंय ना, तसां. उगाच गळती नको."

फोर्कच्या माथ्यावरच्या त्या बटणाने फोर्क जाम होतो. सर्वेश आठ महिने दगडधोंड्यांवरून तसाच आपटत होता आणि आपल्याला सस्पेन्शनमधलं कळतं असं सांगत होता. त्याने बटण फिरवलं. काकूंनी हँडल दाबलं तशी सायकलने झकास मान खाली घातली आणि ग्राफवर सुंदर लाट उठली.

रविवारी फोर्क लोण्यासारखा चालला. सॉफ्टवेअरने एकूण एक खड्डा टिपला, सस्पेन्शनला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण दिले. गंधाली त्याच्या चार मिनिटं आधी खाली पोचली होती. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, तो आकडा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "सर्वेश, सायकलचं कळलं रे. आता तुझं सांग."