कलर मॅच

बायकोच्या, मनोरमाच्या पांढऱ्या गाडीचा डावा दरवाजा प्रल्हाद तुळपुळेने मॉलच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून पोचा पाडला, तोही नेमका ती पुण्याला गेलेली असताना. आज संध्याकाळी तिचं विमान उतरणार होतं. त्याआधी पोचा निघाला नाही, तर तो खांब आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर येत राहील, हे प्रल्हादला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हमरियाच्या ऑफिसात सुट्टी टाकून तो मित्राने, दत्तप्रसादने सांगितलेलं गॅरेज शोधत दुबईच्या अल क्वोज भागात आला. "लाल शटर, आणि लांबूनच रंगाचा वास," एवढाच पत्ता होता.

लाल शटर सापडलं. वासही आला. आत मात्र कोणी गिटार वाजवत होतं, कोणी बिर्याणी वाढत होतं, आणि एक गृहस्थ फ्रिजचा दरवाजा काखेत धरून रांगेत उभे होते. डेंटिंगला फ्रिजसुद्धा घेतात, म्हणजे गॅरेज चांगलं चालतंय, असं प्रल्हादला वाटलं.

रंगाने माखलेला डगला घातलेली एक मुलगी पुढे आली. "बोलिए अंकल, क्या लाए हैं?"

"गाडी. लेफ्ट साइड का दरवाजा. कलर मॅच होना चाहिए."

"किससे मॅच?"

"किससे म्हणजे? गाडी से!"

"मूड से करें?"

मूड ही रंगाची नवी कंपनी असावी. "अच्छा रहता है?"

"बेस्ट!"

"तो वही लगाओ. और पैसा?"

"आज सबका फ्री है, हबीबी."

उद्घाटनाची ऑफर दिसतेय! प्रल्हादने खुशीत किल्ली दिली आणि सोफ्यावर जाऊन बसला.

शेजारच्या झारा नावाच्या मुलीने त्याला बिर्याणीची ताटली दिली. "आप भी आर्टिस्ट हैं?"

"नहीं, मैं पर्चेस में हूँ."

झारा सावरून बसली. "क्या खरीदते हैं?"

"पाइप, व्हॉल्व्ह. बडे बडे."

"इन्स्टॉलेशन!"

"वो दुसरे लोग करते हैं. अपना सिर्फ खरेदी."

बातमी हॉलभर पसरली. एका दाढीवाल्या तरुणाने पितळेची एक वाकडीतिकडी नळी आणून प्रल्हादसमोर उभी केली. "कैसी लगी, सर?"

"लीक होगा," प्रल्हादने खरं ते सांगितलं.

तरुणाचे डोळे भरून आले. "पहली बार किसी ने समझा!"

नळी गळणार म्हणून माणूस हरखतो कसा, या कोड्यात प्रल्हाद असतानाच लेकीचा, केयाचा फोन आला.

"बाबा, व्हाय इज मम्माज कार ऑन हिबाज लाइव्ह?"

"कोण हिबा?"

"द पॉप आर्टिस्ट! शी इज सो फेमस! इट्स हर ओपन स्टुडिओ, लोक आपल्या वस्तू नेतात, शी पेंट्स देम. बाबा, आर यू देअर?"

प्रल्हाद ताटलीसकट मागच्या अंगणात धावला. गाडीची अख्खी डावी बाजू गुलाबी झाली होती. तिच्यावर एका बाईचा भलामोठा चेहरा होता, जांभळे केस, हिरवे ओठ, नाकात नथ. पोचा जसाच्या तसा होता. तो आता तिच्या गालावरची खळी झाला होता. शिडीवर तीच डगलेवाली मुलगी उभी होती.

"खलास! बंद करो!" प्रल्हाद ओरडला.

"दूसरी साइड बाकी है, अंकल!"

"बीवी उतर गई!"

विमानतळावर त्याने गाडीची डावी बाजू भिंतीला इतकी चिकटवली, की डावीकडच्या स्टिअरिंगमागून त्याला गिअरवरून सरपटत उजव्या दारातून बाहेर यावं लागलं. मनोरमा आली. पांढरीशुभ्र बाजू बघून तिने बॅगा डिकीत टाकल्या. मग प्रल्हाद उजव्या दारातून आत शिरला आणि गुडघे पोटाशी घेऊन स्टिअरिंगकडे सरकू लागला.

"अहो, हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"गाडी बाहेर काढा आधी."

त्याने काढली. मनोरमा वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. येणारेजाणारे मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. प्रल्हादने डोळे मिटून घेतले.

"हे... माझं चित्र?" तिचा आवाज कापरा झाला होता. "मी येणार म्हणून काढून घेतलंत?"

प्रल्हादने एक डोळा उघडला. "म्हणजे... हो. तुझंच."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, साधा गजरा नाही आणलात कधी!" तिने डोळे पुसले, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा एकदा चित्र न्याहाळलं. "पण दुसरी बाजू कोरी का हो?"

"वेळ नव्हता."

"मग यल्ला, आधी तिकडेच चला. तिथे तुमचा चेहरा काढून घेऊ. मी एकटी काय फिरू दुबईभर?"