बिनतिकिटाचे गोचीड

माणिकराव माणसाच्या आधी त्याच्या कुत्र्याची चौकशी करत, आणि तीही थेट कानात. पाहुण्यामागून त्याचं कुत्रं अंगणात आलं की पाहुणा तसाच उभा. माणिकराव कुत्र्याचा कान उलटा करणार, आत डोकावणार आणि ओरडणार, "हे बघा, बिनतिकिटाचे! चला, उतरा खाली!" मग एकेक गोचीड चिमटीत धरून रॉकेलच्या करवंटीत. पाहुण्याला पाणी त्यानंतर, आणि त्याच हातानं.

माणिकराव एसटीत कंडक्टर होते. सोनपेठात आमची भिंतीला भिंत होती. मी शाळेत शिकवत असूनही गल्लीत 'मास्तर' म्हणजे तेच. मी नुसता गुरुजी. साऱ्या नोकरीत एकही फुकट्या सोडला नाही, असं ते छाती काढून सांगत. रिटायर झाल्यावर तपासायला प्रवासी उरले नाहीत आणि गावातल्या कुत्र्यांचे दिवस फिरले.

उपाय त्यांच्याकडे पुष्कळ होते. तंबाखूचं पाणी, कडुलिंबाचा काढा, करंजाचं तेल. त्यांच्या हातून अंघोळ झालेलं कुत्रं शहाणं होई, म्हणजे पुन्हा त्या बोळात पाय ठेवत नसे. एकदा कुठूनशी गॅमेक्झिनची पावडर आणून त्यांनी एका काळ्या कुत्र्यावर मूठमूठ उधळली. भर उन्हाळा, सुसाट वारा आणि समोरच बायकांनी घातलेल्या कुरडया. गल्लीच्या वर्षभराच्या कुरडया उकिरड्यावर गेल्या. पिसवा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"औषध एक नंबर हाय," माणिकराव म्हणाले, "हवाच खराब हाय."

त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना, या संशोधनाचं फार कौतुक होतं. त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "माझं डोस्कं पांढरं झालं ते ह्यांना दिसलं न्हाई, अन् कुत्र्याच्या बोटातला गोचीड बरा दिसायलाय!"

अशात त्यांच्या सुमीला स्थळ आलं. देवगाव फाट्याजवळचं गाव, विहिरीवर मोटार, सागवानी दरवाजे, एकुलता एक मुलगा. कौसाबाई हरखून गेल्या. माणिकराव घर बघायला निघाले, तेव्हा कौसाबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"गुरुजी, तुमी संगं जावा. अन् तिथं कुत्रं दिसलं तर ह्यांचा हात धरा."

मी ही कामगिरी जिवावर उदार होऊन पत्करली. पाहुण्यांच्या ओसरीवर मी माणिकरावांच्या कोपराला खेटूनच बसलो. पोहे झाले, बशीतला चहा झाला. मुलाचे वडील दोन्ही वेळा मोटारीच्या आवाजाबद्दल बोलले. कुत्रं काही दिसलं नाही. मी मनातल्या मनात सुमीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

मग माणिकराव हात धुवायला मागच्या अंगणात गेले ते परत येईनात.

मी जाऊन पाहिलं. गोठ्याच्या मागे आखूड साखळीला एक म्हातारं कुत्रं बांधलेलं होतं. कानात गोचीड असे गच्च बसलेले, जणू कुणी एरंडाच्या बिया चिकटवल्यात. त्याला मान उचलायचंही त्राण नव्हतं. माणिकराव नव्या धोतरानिशी शेणात मांडी घालून बसले होते. तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही.

"थोडं रॉकेल मिळंल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मुलाचे वडील हसत आले. "त्याचं काय घिऊन बसलाव, पाव्हणं? म्हातारं झालंय ते. मरंल आपोआप."

नवरदेव पायरीवर उभा राहून नाकाला रुमाल लावत होता. रॉकेल आल्यावर माणिकरावांनी एक कान साफ केला, मग दुसरा, मग पायाची बोटं. मग उठले, हात धुतले आणि जोडले.

"पाव्हणं, आमची पोरगी इथं नांदायची न्हाई."

"का बरं? काय कमी हाय आमच्यात?"

"कमी कायच न्हाई," माणिकराव म्हणाले आणि चालू लागले.

फाट्यापर्यंत मी त्यांना यथेच्छ सुनावलं. असं घर पुन्हा मिळेल का, सोन्यासारखं स्थळ कुत्र्यापायी कुणी सोडतं का, वहिनींना आता काय तोंड दाखवणार. फाट्यावर ते लिंबाच्या झाडाखाली बसले, तरी सगळं ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर बोलले.

"गुरुजी, सुमीच्या वर एक व्हती आमाला. शांता. तुमी सोनपेठाला यायच्या आधीची गोष्ट. असंच मोठं घर बघून दिली. तिथं तिला ताप आला, लय दिवस राहिला. घरात माणसंच माणसं, पर कपाळाला हात लावून बघितलं न्हाई कुणी."

त्यांनी रस्त्यावर गाडी दिसते का ते पाहिलं.

"लोकाला काय नावं ठिवायची? तिच्या गावाची गाडी माझीच व्हती. रोज तिथं थांबायची. माणसं उतरली का घंटी मारायचो अन् फुडं जायचो. घडीभर उतरून दारात गेलो असतो, तर दिसलंच असतं की मला."

सेलूची गाडी धूळ उडवत आली. चढता चढता ते म्हणाले, "घरी ह्यातलं काय काढू नका. शांताचं नाव निघालं का तिची आई जेवत न्हाई. पोरगं पितंय म्हणून सांगा."

सुमीचं पुढे पाथरीच्या एका साध्या घरात चांगलं झालं. पण त्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा कौसाबाई दारातच उभ्या होत्या. मी घाईघाईनं मुलगा पितो, पत्तेही खेळतो, असं जमेल तेवढं सांगून टाकलं. त्यांनी मला बोलू दिलं. मग नवऱ्याच्या धोतराकडे पाहिलं. शेण होतं, रक्ताचे ठिपके होते, रॉकेलचा वास तर सगळ्या ओसरीत पसरला होता. आता साऱ्या गल्लीला ऐकू जाणार, म्हणून मी हळूच मागे सरकलो.

त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "वाचंल का वो ते?"

"वाचंल," माणिकराव म्हणाले.