पळी उभी राहील असं तेल

एका जंगलात घट्टपणाला फार मान होता.

पाहुण्याच्या पानात काय वाढलं, याला तिथे महत्त्व नव्हतं. ते किती घट्ट आहे, याला होतं. पिठल्यात पळी उभी राहिली पाहिजे. खिरीची वाटी उलटी केली तरी पाहुण्याच्या मांडीवर थेंब पडता कामा नये. एकदा एका भेकराच्या लग्नात कढी जरा पातळ झाली. वरपक्ष पंगतीतून उठला तो थेट दुसऱ्या जंगलात जाऊन स्थायिक झाला.

मुलांनो, हसू नका. मागच्या बाकावरच्यांनी तर मुळीच हसू नका. तुमच्या घरी काय चालतं ते मला ठाऊक आहे.

तर या जंगलात सगुणाक्का नावाची एक सांबरीण राहत असे. तिने एक हायब्रिड गाडी घेतली होती. जंगलात गाडी कशी आली, असं विचारू नका. जंगलात सगळं येतं. रस्ता तेवढा येत नाही.

हायब्रिड म्हणजे काय ते आधी ऐका. जंगलात कुणी ऐकलं नाही, निदान तुम्ही ऐका. या गाडीत एक बॅटरी असते आणि एक पेट्रोलचं इंजिन असतं. सपाटीवर हळू चाललं की बॅटरी गाडी ओढते आणि इंजिन झोपतं. चढ आला की इंजिन दचकून उठतं आणि धावू लागतं. मग पुन्हा झोप, पुन्हा धावपळ. आता झोपेतून उठल्या उठल्या धावायचं तर तेल अंगभर झटकन पोचायला हवं. पातळ तेल झटकन पोचतं. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांना पातळ तेल लागतं.

एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण सगुणाक्काची मुलगी रुक्मा घाटापलीकडच्या रानात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. रुक्माला त्या अवस्थेत घाट चालून येणं जमणार नव्हतं. आणि तिची सासू मथुराबाई हिने धनेश पक्ष्याबरोबर निरोप धाडला होता, “न्यायला आलात तर आनंद आहे. नाही आलात तरी आमच्याकडे काही कमी नाही.”

विहिणीचं असं गोड वाक्य कुठे लागतं, ते मोठे झालात की कळेल.

सगुणाक्काने गाडीच्या मागच्या सीटवर मऊ गादी घातली. लेक आपल्या दारात बाळंत व्हावी, नातवाला पहिलं आपण चाटावं, एवढीच तिची इच्छा होती. ती गाडी घेऊन सोपान रानडुकराच्या गॅरेजवर गेली. सोपानने बॉनेट उघडलं आणि नाक मुरडलं.

“अक्का, तेल पार काळं झालंय. हे घेऊन घाट चढू नका.”

“मग बदल की. कुठलं लागतं ते बुचावर लिहिलंय बघ.”

तेलाच्या बुचावर खरंच लिहिलेलं होतं. ठसठशीत अक्षरात, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी. सोपानने वाचलं आणि त्याचे सुळे लटपटले.

“झिरो? अक्का, हे तेल मी पाहिलंय. पाण्यासारखं असतं हो. चमच्यात घ्यावं तर चमच्यातून पळून जातं.”

“असू दे. घाल तू.”

“मी घालीन. पण उद्या रान म्हणेल, सोपानने सगुणाक्काच्या गाडीला पातळ वाढलं. मला अजून पोरी उजवायच्यात. चार जणांना विचारू या. तोवर जुनं काढून टाकतो.”

आणि त्याने खालचा नट सोडला. जुनं तेल बदाबदा वाहून गेलं.

मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. जुनं काढून टाकलं होतं आणि नवं ठरलं नव्हतं. या अवस्थेत मोठमोठी राज्यं वर्षानुवर्षं उभी असतात, एका गाडीचं काय घेऊन बसलात!

पहिला आला दिगूदादा तरस. माजी सरपंच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुठे काही उघडं पडलंय याचा वास तरसाला लागतोच.

“झिरो?” दिगूदादा ओरडला. “अक्का, गाडी तुमची असेल, अब्रू सगळ्या रानाची आहे! विहिणीच्या दारात जाणार आणि इंजिनात झिरो? तिने बॉनेट उघडून बघितलं तर?”

“विहीण बॉनेट कशाला उघडेल?”

“विहीण आहे ती. ती काहीही उघडेल.”



मग साळिंदर सर आले. सर कॉलेजात इतिहास शिकवत, त्यामुळे त्यांना कुठल्याही विषयावर बोलता येई. ते काटे सावरत म्हणाले, “हायब्रिड म्हणजे निम्मी गाडी. निम्म्या गाडीला निम्मं तेल. हे साधं त्रैराशिक आहे.”

“तेलच कशाला?” झाडावरून एक घोरपड म्हणाली. “बॅटरी आहे ना? माझ्या मावसभावाच्या टॉर्चमध्येही बॅटरी आहे. त्याने जन्मात तेल घातलं नाही. लख्ख पेटतो.”

“वा!” खाली जमलेले म्हणाले. अनुभवाचे बोल होते ना.

एवढ्यात तिथे टिटवीताई पोचल्या. त्या ‘खणखणीत’ नावाची वाहिनी चालवत. टिटवी आभाळ कोसळू नये म्हणून पाय वर करून झोपते, असं म्हणतात. आभाळ आपल्याच तंगड्यांवर उभं आहे, असं तिला मनापासून वाटतं. बातम्यांच्या धंद्यात हा आजार फार जणांना होतो.

“सर्वात मोठी बातमी!” टिटवीताई किंचाळल्या. “रानाच्या गाडीत पातळ तेल घालण्याचा डाव! या पातळपणामागे कोण? पाहत राहा!”

त्यांनी तरसाला विचारलं. घोरपडीला विचारलं. पलीकडून पाणी प्यायला चाललेल्या एका म्हशीला विचारलं. म्हैस म्हणाली, “मला काय ठाऊक?” ते ‘रहिवाशांमध्ये संभ्रम’ म्हणून दाखवलं. बूच दोन पावलांवर पडलेलं होतं. वाकून वाचलं असतं तर बातमी संपली असती. म्हणूनच कुणी वाकलं नाही. संपलेली बातमी विकता येते काय? सांगा ना! नाही येत!

संध्याकाळी वडाखाली चर्चा रंगली. सगुणाक्काला मधोमध बसवलं.

“बुचावर स्पष्ट लिहिलंय...” ती म्हणाली.

“बूच कुठे बनलंय?” दिगूदादाने मध्येच विचारलं.

“मला काय माहीत? बाहेर कुठेतरी बनलं असेल.”

“ऐका! बाहेरचं बूच आता आम्हाला घट्ट-पातळ शिकवणार! आमच्या आज्यांनी घट्ट वाढलं नसतं तर हे बूच आज कुठे असतं?”

प्रश्नाला अर्थ नव्हता, पण टाळ्या कडाडल्या. बघता बघता मोर्चा निघाला. “घट्ट होतो! घट्ट आहोत! घट्टच राहू!” रानडुकरं पुढे, माकडं मागे, आणि साळिंदर सर मधोमध. सरांच्या आजूबाजूला आपोआप मोकळी जागा राहत होती, तिला सर आदर समजत होते. निम्म्या तेलाचं त्रैराशिक त्यांनी तिथल्या तिथे सुधारलं. आता निम्मं, पण दुप्पट घट्ट.

राजा कुठे होता म्हणता? राजा दौऱ्यावर होता. गोष्टीत राजाची गरज लागली की राजा दौऱ्यावरच असतो.

सकाळी धनेश पुन्हा आला. “अक्का, रुक्माला बरं वाटेना. पोट खाली आलंय. तिने विचारलंय, आई निघाली का?”

सगुणाक्का धावत गॅरेजवर गेली. गाडी तशीच उभी होती, पोटात थेंब नाही.

“सोपान, बाबा, कुठलंही घाल, पण घाल!”

“कुठलंही कसं?” दिगूदादा दुखावला गेला. “समिती नेमलीय. मीच अध्यक्ष. रीतसर परीक्षा घेऊ.”

“इंजिनाची?”

“तेलाची. पळी आणा.”

तेलांचे डबे ओळीने मांडले. समितीने पहिल्या डब्यात पळी उभी केली. ती बुडाली. समितीने मान हलवली. दुसऱ्यात पळी जरा घुटमळली आणि हळूच आडवी झाली. समितीने सुस्कारा सोडला. तिसऱ्यात ती थोडा वेळ तिरकी उभी राहिली. घोरपड म्हणाली, “होतकरू आहे.”

मग कुणीतरी मागच्या खोलीतून एक गंजका डबा आणला. त्यात बैलगाडीच्या आसाला लावायचं जुनं वंगण होतं. दिगूदादाने पळी खुपसली. पळी ताठ उभी राहिली. हलवली, हलेना. ओढली, तर पळीबरोबर डबाच वर आला.

 तरसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हेच,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “माझी आजी असंच पिठलं करायची.”

“दादा,” सोपान म्हणाला, “हे ओतलं जायचं नाही.”

“मग ओतू नकोस. भर.”

सोपानने एकदा तोंड उघडलं. मग त्याला आपल्या पोरी आठवल्या. त्याने तोंड मिटलं आणि उलथनं उचललं.

“अरे, हे नको रे,” सगुणाक्का म्हणाली. “बुचावर...”

“अक्का, तुम्हाला लेक आणायचीय की वाद घालायचाय?”

लेक आणायची होती. सगुणाक्का बाजूला झाली. वंगण उलथन्याने थापून थापून इंजिनात भरलं. बूच बंद करताना त्यावरचा मजकूर वंगणाने झाकला गेला. तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

सगुणाक्का चालवायला बसली. शेजारी अध्यक्ष म्हणून दिगूदादा बसला. मागे, रुक्मासाठी घातलेल्या गादीवर, साळिंदर सर बसले. गादीचं काय झालं ते सांगायला नको. टिटवीताई टपावर.

गाडी निघाली. सपाटीचा रस्ता होता, गाडी बॅटरीवर चालली होती. इंजिन गाढ झोपलेलं. चूं नाही की चां नाही.

“बघा!” दिगूदादा गरजला. “आवाज येतोय का? हे घट्ट तेल!”

“ऐतिहासिक शांतता!” टपावरून टिटवीताई ओरडल्या. “पातळवाद्यांना सणसणीत चपराक!”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुलं पडली. ज्या तेलाने अजून काहीही केलं नव्हतं, त्याचा जयजयकार झाला. मुलांनो, कौतुक नेहमी याच वेळेला उरकून घ्यावं. पुढे संधी मिळेलच असं नाही.

घाटाचा पायथा आला. चढ लागला. इंजिन दचकून उठलं.

त्याने तेलाला हाक मारली. तेल खाली बसलं होतं, पंगतीत पोट फुटेस्तोवर जेवलेल्या व्याह्यासारखं. ते उठेना. इंजिन कण्हलं. समोर एक तांबडा दिवा लागला.

“दादा, हा दिवा कसला?” सगुणाक्का घाबरली.

“दिवा लागला? शुभशकुन!” दिगूदादाने खिशातून कुंकू काढून दिव्याला टेकवलं.

“थांबवू का?”

“वेड्या आहात? मागून मोर्चा येतोय! लोक काय म्हणतील?”

गाडी आणखी थोडी चढली. मग आतून कुणीतरी कराकरा दात खावेत तसा आवाज आला. एक हिसका बसला. आणि पुन्हा शांतता झाली. ही मघाची शांतता नव्हती. यावेळी टिटवीताईसुद्धा काही बोलल्या नाहीत.

“उतरा,” सगुणाक्का म्हणाली. “ढकला.”

“ढकललं असतं हो,” दिगूदादा म्हणाला, “पण कंबर.”

सरांचा तास होता. टिटवीताईंना पूर्ण दृश्य दिसण्यासाठी लांब जाणं भाग होतं. मोर्चा पायथ्याशीच पांगला, कारण चढ होता.

सगुणाक्काने एकदा गाडीकडे पाहिलं. एकदा घाटाकडे पाहिलं. मग ती निघाली. काट्याकुट्यातून, दगडधोंड्यांवरून, सरळ चढणीने, आपल्या चार पायांवर. सांबरीण होती ती! लहानपणापासून हा घाट चढलेली. मधली वळणंसुद्धा तिने घेतली नाहीत.

इकडे समितीची तातडीची बैठक झाली. तेल पुरेसं घट्ट नव्हतं, असा निष्कर्ष एकमताने निघाला. पुढच्या वेळी त्यात थोडं डांबर मिसळावं, अशी साळिंदर सरांची सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. गाडी जिथे बसली तिथेच तिला हार घालून ‘घट्टपणा स्मारक’ असं नाव देण्यात आलं. टिटवीताईंनी तिथून थेट प्रक्षेपण केलं. दिगूदादा पुन्हा सरपंच झाला.

दुपार कलली तेव्हा सगुणाक्का विहिणीच्या दारात पोचली. अंगभर ओरखडे, तोंडाला फेस.

दारात मथुराबाई उभी होती. “या, या विहीणबाई! मोटारीतून येणार होतात ना? कुठे लावलीत?”

 सगुणाक्का तडक आत गेली. पाल्याच्या अंथरुणावर रुक्मा पडली होती. तिच्याशेजारी एक पाडस चार काटक्यांवर उभं राहायचा प्रयत्न करत होतं. ते सकाळीच झालं होतं. मथुराबाईने ते चाटून पुसून लख्ख केलं होतं. चाटायला काही उरलंच नव्हतं.

रुक्माने आईच्या रक्ताळलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“आई, तू चालत आलीस?”

“हो गं.”

“मला नेता आलं नसतं तर नसतं. पण चालत येता येत होतं, तर कालच का नाही आलीस? मी किती हाका मारल्या.”

सगुणाक्काने मान खाली घातली.

“काल तेल ठरत होतं गं,” ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, बुचावर लिहिलेलं कधी वाचू नये. वाचून पातळ तेल घातलंत तर गाडी मुकाट घाट चढते, वेळेवर पोचते आणि कुणाला काही कळतसुद्धा नाही. अशा गाडीची बातमी होत नाही, तिच्यासाठी मोर्चा निघत नाही, तिच्या जिवावर कुणी सरपंच होत नाही. एवढ्या मोठ्या समाजकार्याला मुकण्यापेक्षा चार जणांना विचारावं आणि पळी उभी राहील असंच तेल भरावं. घाटाची काळजी करू नये. तो चढायला कुणाची तरी आई असतेच.