तांडेलांचा निळा दिवा

आमच्या आळीत, माझ्या दगडी गडग्याच्या पलीकडे राहणाऱ्या विश्राम तांडेलांच्या पडवीत, दाराच्या चौकटीवर एक लहानसा निळा दिवा आहे. तो डासांसाठी लावला आहे, असे निवृत्त पोस्टमास्तर लिमये येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ते खोटे आहे. मी हयातभर रत्नागिरीच्या न्यायालयात वकिली केली. ऐकीव पुरावा मला तेव्हाही चालत नसे, आजही चालत नाही. दिव्याचा अर्थ मला खुद्द तांडेलांनी सांगितलेला आहे. म्हणून हे लिहून ठेवणे मला भाग आहे.

तांडेल मूळचे जयगडचे. वडील मच्छीमार होडीवर. त्यांचा हा मुलगा शिकून इंजिनिअर झाला आणि बेंगळुरूला जाऊन, क्षणभरही बंद पडता कामा नयेत अशा यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहू लागला. टेलिफोनच्या जाळ्यामागे असतात ती यंत्रे. एकेका कपाटात निरनिराळ्या कंपन्यांची सर्किट-कार्डे, पंखे, वीजपुरवठ्याचे डबे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तांडेलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले, तर सगळ्यांना विचारायचे प्रश्न एकच ठरवले आणि उत्तराचा साचाही एकच. "पंखा जपानचा असो की जयगडचा," ते सांगत, "आपण एवढंच विचारायचं, फिरतोस का आणि किती फिरतोस. त्याचं गोत्र विचारायचं नाही."

कल्पना थोर आहे, हे मी मान्य करतो. अडचण एवढीच, की निवृत्तीनंतर ती त्यांनी माणसांना लागू केली.

रोज सकाळी गडग्यावरून हाक येते, "वकीलसाहेब, हजर?" मग ठरलेल्या क्रमाने, "ताप? वारा? वीज?" ताप म्हणजे अंगातला, वारा म्हणजे श्वास आणि वीज म्हणजे भूक. उत्तर 'ठीक' किंवा 'बिघाड' एवढेच द्यायचे. एकदा मी माझ्या गुडघ्याचा इतिहास विस्ताराने सांगू लागलो, तर म्हणाले, "साच्यात बसवा, साहेब." जन्मभर मी साक्षीदारांना 'हो की नाही, तेवढंच सांगा' असे दटावत आलो; आणि मला हे ऐकावे लागावे! त्या दिवसापासून मी चारही प्रश्नांना एकच उत्तर देऊ लागलो : "हरकत आहे." त्यावरही ते रागावले नाहीत. "आवाज आला, म्हणजे हजर," असे पुटपुटत आत गेले.

मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या पारूमावशीलाही सूट नाही.

"मावशी, हजर?"

"नसते तर पाटी काय भुतान आणलीन?"

"ताप?"

"तुमचा हाय तेवढाच. बांगडे घेताव की जाऊ?"

तांडेलांच्या घरात महत्त्वाची प्रत्येक वस्तू दोन आहे. विहिरीवर दोन पंप, जिन्याखाली दोन इन्व्हर्टर, नाकावर एक चष्मा आणि गळ्यात दुसरा. एका वर्षी सत्यनारायणाला त्यांनी भटजीही दोन बोलावले. एकाने पोथी सांगायची. दुसऱ्याने शेजारच्या पाटावर तेच पान उघडून गप्प बसायचे. लिमये सांगतात, की कथेच्या ऐन मध्यावर पहिल्या भटजींना घेरी आली. साफ खोटे. मी समोर बसलो होतो. उदबत्तीच्या धुराने त्यांना ठसका लागला, इतकेच. साधुवाण्याची नौका त्या वेळी अर्ध्या वाक्यात होती. राखीव भटजींनी उरलेले अर्धे वाक्य तिथूनच उचलले आणि नौकेला हेलकावासुद्धा बसला नाही. तांडेलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरले, ते प्रत्यक्ष नारायण प्रकट झाला असता तरी पसरले नसते.

आता दिवा. चालू यंत्रातले कार्ड धरून ओढायचे नाही, हा त्यांच्या शास्त्रातला पहिला शिष्टाचार. कार्डाची मूठ सैल केली, की त्यावरचा निळा दिवा लुकलुकू लागतो. म्हणजे ते कपाट सांभाळणाऱ्या वरच्या व्यवस्थेला विचारते, 'जाऊ का?' त्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले गेले, की दिवा स्थिर लागतो. मग खुशाल काढा.

"आणि वरच्या व्यवस्थेनं नको म्हटलं तर?" मी उलटतपासणी घेतली.

"तर दिवा विझतो आणि कार्ड पुन्हा कामाला लागतं. पण नको म्हणणारं कोणी पाहिजे ना, साहेब. मुदतीत कोणी काहीच बोललं नाही, तर जाणं मंजूर धरतात."

तसलाच दिवा त्यांनी पडवीत बसवला होता. पण तो कधी लागलेला मी पाहिला नव्हता.

यंदा गणपती गेल्यावर एका सकाळी तो लुकलुकू लागला. त्याच दिवशी गडग्यावरच्या हाकाही बंद झाल्या. लिमयांनी निदान केले, की वायर सैल आहे. पारूमावशी म्हणाली, "दिव्याला फेफरं आलंय." आळीत वायरमन कोणता बोलवावा यावर दोन तट पडले. आणि तांडेल पडवीत बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते.

रविवारी त्यांच्या दारात पुण्याची गाडी थांबली. लिमये माझ्या अंगणात येऊन म्हणाले, "मुलगी आली. कायमचे नेते आहे त्यांना. किल्ल्या बहुतेक माझ्याकडे ठेवतील."

तेव्हा मला उलगडा झाला. वायर सैल नव्हती. तो गृहस्थ इतके दिवस आम्हां सगळ्यांना विचारत होता, आणि आम्ही वायरमन शोधत होतो.

मी धोतर सावरत धावत गेलो, असे लिमये सांगतात. मी धोतर नेसत नाही. मी चालत गेलो, किंचित वेगाने.

पडवीत दोन बॅगा तयार होत्या, त्यांतली एक रिकामी. तांडेलांची मुलगी शुभदा कुलूप शोधत होती.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

"काका, मला का हौस आहे?" ती म्हणाली. "पण बाबांना इथे पाहणार कोण? रोज, नेमानं?"

"मी. रोज सकाळी, गडग्यावरून."

"आणि तुम्ही नसलात तर?"

माझे वय पाहता प्रश्न मुद्द्याला धरून होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोच पायरीवर पाटी टेकवून पारूमावशी म्हणाली, "मी हाय ना गो! पाटी उतरायच्या आधी विचारीन, हजर काय म्हणून. नाय बोलले तर दार फोडीन."

"मुख्य एक, राखीव एक," मी शुभदाला सांगितले. "तुझ्या वडिलांच्या शास्त्राला याहून अधिक लागत नाही."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हाला जायचं नव्हतं? मग बोलला का नाहीत?"

"विचारत होतो की," तांडेल म्हणाले आणि त्यांनी चौकटीवर बोट दाखवले.

शुभदा मटकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. "मला वाटलं, तुम्हालाच यायचंय! महिनाभर जिवाला घोर, की आमच्या त्या तेराव्या मजल्यावर हे करतील काय!"

तांडेल हसले नाहीत. रिकामी बॅग उगाच उघडून त्यांनी पुन्हा मिटली. "साहेब, न विचारता कार्ड ओढलं, तर त्याला आमच्यात अकस्मात काढणी म्हणतात," ते म्हणाले. "शुभदाची आई भाजी निवडता निवडता गेली. त्या सकाळी मी तिला काही विचारलंच नव्हतं. पेपर वाचत होतो."

त्यांनी बॅग बाजूला सारली. मग म्हणाले, "तेवढं 'नको' म्हणा, साहेब. साच्यात."

"नको," मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबले आणि दिवा विझला. त्या क्षणी मी डोळ्यांना रुमाल लावला, असे लिमये सांगतात. भाट्याच्या खाडीवरून गार वारा सुटला होता आणि मला पडसे होते. तसे प्रतिज्ञापत्र करून द्यायला मी तयार आहे.

दुसऱ्या सकाळी मी जरा लवकरच गडग्याशी जाऊन उभा राहिलो.

"तांडेल, हजर?"

विहिरीवर पंप चालू होता. मग तो बंद झाला, आणि खाकरून आवाज आला, "हजर. ताप ठीक. वारा ठीक. वीज ठीक. आणि तुम्ही, साहेब?"

हरकत घेण्याजोगे मला काही सापडेना.

"हजर," मी म्हणालो.