शामुवेलकाकांचं यरुशलेम

आमच्या शेजारच्या शामुवेलकाकांच्या बैठकीतलं घड्याळ उन्हाळ्यात अडीच तास मागं असतं आणि हिवाळ्यात साडेतीन. ते बिघडलेलं नाही, यरुशलेमच्या वेळेवर चालतं. माझ्या सासूबाई एकदा तिथं गप्पांना बसल्या. घड्याळात दोन वाजलेले, म्हणून निवांत चहा प्यायल्या. बाहेर आल्या तर साडेचार, आणि चारची नांदुऱ्याची बस केव्हाच गेलेली. काका शांतपणे म्हणाले, "बस टायमावरच गेली, आजी. तुमी यरुशलेमात होत्या."

बसबद्दल त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची सोय नव्हती. खामगावच्या स्टँडवर तीस वर्षं ते कंट्रोलर होते. "वरवट बकालमार्गे जळगाव जामोदकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल ते देवच जाणे. रिटायर झाले, माईक सुटला, पण आवाज काही खाली आला नाही. काका ख्रिस्ती; पवित्र शास्त्रातल्या भविष्यवाण्याही ते वेळापत्रकासारख्याच वाचायचे. यहूदी आपल्या देशात परतले, हा एक थांबा. पुढं यरुशलेमात पुन्हा मंदिर, मग महायुद्ध, मग प्रभू परत येणार. या सगळ्याचा खाटेएवढा तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून बैठकीत लावला होता. इस्राएलची बातमी आली, मग ती तिकडच्या टमाट्यांची का असेना, कुंपणावरून मला हाक यायचीच: "मास्तरीणबाई, गाडी लागून राह्यली बरं!"

घराचं फाटक इस्राएलच्या झेंड्यासारखं निळं-पांढरं. अंगणातल्या बोअरचं नाव याकोबाची विहीर. एका वर्षी त्यांनी आख्ख्या गल्लीला जीपमध्ये घालून लोणारला नेलं. सरोवराचं खारं पाणी दाखवून म्हणाले, "मृत समुद्र असाच असते. पाह्यला समजा."

आमच्यात रफिकभाई टेलरही होते. ते म्हणाले, "काका, आता मक्का पण दाखवून द्या इथंच."

"ते तुह्यं तू पाह्य बे!"

या दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोजचा चहाही एकत्रच व्हायचा.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र राहून गेली होती. काकांनी आयुष्यात एकही यहूदी पाहिला नव्हता.

मग आमच्या वरच्या खोल्या एका बँकेतल्या मुलीनं भाड्यानं घेतल्या. सोबत तिची आई, एस्तेरबाई. मुंबईच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेल्या, मूळच्या रेवदंड्याच्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल. ज्यू हो. कोकणातले."

हे मी काकांना सांगितलं आणि भर मे महिन्यात ते लग्नातला सूट घालून आमचा जिना चढले. हातात नारळ. दारात उभं राहून स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "शालोम!"

"शालोम," एस्तेरबाई म्हणाल्या. "या, बसा. कोट काढा आधी, घेरी येईल. सरबत देऊ कोकमाचं?"

काका खुर्चीच्या कडेला बसले. अब्राहामाच्या लेकीला नऊवारीत बघायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय घरात सुक्या बोंबलाचा वास दरवळत होता. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "बाई, सगळे परत गेले. तुमी काऊन नाही गेल्या परत?"

"परत? परत म्हणजे कुठं हो?" एस्तेरबाईंना खरंच कळलं नाही. "मी रेवदंड्याची. भाऊ गेला तिकडे इस्राएलला, अश्दोदला. म्हणतो, सगळं छान आहे, फक्त आमसुलं पाठव."

काका जिना उतरताना जरा गोंधळलेले होते. पण दुसऱ्या दिवशी परत वर गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. हळूहळू एस्तेरबाईंच्या चहाची वेळ काकांच्या दिवसात पक्की झाली. त्यांनी बाईंना घरी नेऊन तक्ताही दाखवला. बाईंचा चष्मा वरच राहिला होता, म्हणून "रंग छान आहेत" एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता तिकडं इस्राएलात हल्ला झाला. माणसं मारली गेली, काहींना धरून नेलं, आणि युद्ध पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेढ्यांचा पुडा घेऊन धडाधडा जिना चढले. मी मागोमाग गेले.

"बाई, तोंड गोड करा! वेळ आली! शास्त्रात लिहेल होतं तसंच—"

एस्तेरबाई पलंगावर बसल्या होत्या. हातात फोन. केस विंचरलेले नव्हते.

"भावाचा फोन लागत नाही," त्या म्हणाल्या. "नातू सैन्यात आहे त्याचा. एकोणीस वर्षांचा."

काकांचा हात पुड्यासकट तसाच पुढं राहिला.

"शामुवेलभाऊ, तुमच्या त्या तक्त्यात पुढे काय आहे? मला वाचता आलं नव्हतं त्या दिवशी."

काकांना खोटं बोलता येत नाही. कंट्रोलरनं गाडीबद्दल खोटं सांगितलं तर माणसं अडकतात, असं तेच म्हणायचे. खाली बघत ते म्हणाले, "मोठी लढाई. त्यात यहूद्यांच्या तीन वाट्यांतले दोन जातात."

"मरतात?"

"हाव."

"आणि तिसरा वाटा?"

"तो प्रभूले मानते."

"म्हणजे ख्रिस्ती होतो. मग आमच्यातलं राहिलं कोण?"

बाईंच्या आवाजात राग नव्हता. रुग्णाला कुठं दुखतंय ते विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही आमचं इतकं कौतुक करता, ते आम्ही संपायला हवे आहोत म्हणून का हो?"

काका खाली आले आणि आमच्या पायरीवर बसून राहिले. चार वाजता बाईंच्या भावाचा फोन आला. सगळे सुखरूप होते. मी सांगितलं तेव्हा काकांनी रुमालात नाक शिंकरलं, पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे कोणाले देऊ नका."

आठवडाभरानं मी त्यांच्याकडे गेले, तर तक्त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता. कुंपणावरून हाक यायची बंद झाली. पुढं तिकडच्या, गाझातल्या लेकरांची चित्रं टीव्हीवर येऊ लागली, तेव्हा रफिकभाई काकांशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी काकाच त्यांच्या दुकानात गेले. काय बोलले ठाऊक नाही. रफिकभाईंनी एवढंच सांगितलं, "बुढा रोकर गया, भाभी."

दरवर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, काका मला चर्चला बोलवत. प्रभूनं वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वाक्यांपैकी एकावर ते बोलायचे आणि मी त्यांची हक्काची श्रोती. युद्धानंतरच्या त्या शुक्रवारी बाहेरून एक नावाजलेले उपदेशक आले होते. काकांचा नंबर यायच्या आधीच ते तापले. प्रभूला यहूद्यांनी मारलं, म्हणून ती जात शापित, जगात कुठंही गेली तरी तिच्या हाताचं रक्त निघत नाही, असं बरंच काही. मंडळी माना डोलवत होती. अशी वाक्यं ऐकायची त्यांना सवय होती. खरं तर काकांनाही होती.

पण काका उठून उभे राहिले.

"पाळकसाहेब, एक सूचना हाय."

सगळं चर्च वळलं. तो आवाज अर्ध्या तालुक्याच्या ओळखीचा.

"प्रभूची माय कोण होती? यहूदी. बारा शिष्य कोण होते? यहूदी. खिळे कोणी ठोकले? रोमी शिपायानं. अन् ज्यायले तुमी शापित म्हणून राह्यले, त्यातली एक बाई आमच्या गल्लीत राह्यते. मले ताप आला तं तीन दिवस माह्या उशाशी बसली ती. तिच्या हाताले रक्त नाही. मी पाह्यलं हाय."

"काका, खाली बसा," उपदेशक म्हणाले.

"मी बी हेच बोलत आलो चाळीस वर्षं," काका म्हणाले. "म्हणून तं उभा हाय."

उपदेश संपेपर्यंत ते उभेच राहिले. त्यांच्या वाक्यावर त्या दिवशी दुसराच कोणी बोलला, आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. घरी येताना रिक्षात ते एकच बोलले, "पाय लय दुखून राह्यले, बाई."

पुढच्या श्रावणात एस्तेरबाईंच्या यजमानांच्या मृत्यूचा वर्षदिन आला. त्या दिवशी म्हणायच्या एका प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, म्हणून दरवर्षी त्या मुंबईला जात. या खेपेला गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिनासुद्धा उतरवत नव्हता. "राहू दे यंदा," असं त्या मला म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. मी ते काकांच्या कानावर घातलं, एवढाच माझा अपराध.

संध्याकाळी आमच्या जिन्यावर पावलांची रांग लागली. पुढं काका, मागं रफिकभाई, आमचे हे, गिरणीवाले, निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर, चर्चमधले दोघं. ज्यूंच्या प्रार्थनेला लागतं म्हणून सगळ्यांची डोकी झाकलेली. कोणाला टोपी, कोणाला रुमाल, एकाच्या डोक्यावर तर लग्नातला फेटा.

एस्तेरबाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, ज्यू लागतात दहा. तुमच्यात एकही नाही."

"मालूम हाय," काका म्हणाले. "नियमात बसत नाही. सतरंजीवर तं बसता येते?"

बाईंनी ती प्रार्थना म्हटली नाही. नियम तो नियम. पण दिवा लावून स्तोत्रं म्हटली, मराठीत, आणि यजमानांबद्दल थोडं सांगितलं. त्यांना पोहता येत नव्हतं, रेवदंड्याचे असून. सगळे हसले.

माणसं गेल्यावर मी म्हटलं, "काका, दहाच्या जागी तेरा जमवलेत की!"

"माही बायको पुष्पा गेली तवा कोरोनाची बंदी होती," ते म्हणाले. "सारे घरात. मी धरून चौघं होतो. खांद्याले पुरलो, बाई. पण मांगं चालाले कोणी नोतं."

आम्हीही त्या दिवशी खिडकीतूनच पाहिलं होतं. काका वाकून सतरंजी गोळा करायला लागले. मी दुसरं टोक धरलं.