माणसाशी बोला

मढवीने आजवर किती बटणांचे दहावे घातले, ते आता त्यालाही आठवत नसेल.

शर्टाची बटणं नव्हेत, वेबसाइटची. वर्तकनगरच्या आमच्या ऑफिसातून लोकांना घरपोच औषधं जातात. वेबसाइट मढवी बनवतो, ती नीट चालते का ते मी तपासते, आणि ती चालू लागली की निनाद सर तिच्यात सुधारणा करतात. सरांनी एखादं बटण काढायला लावलं की मढवी मुकाट्याने काढतो. "गेलं बिचारं. कामाचं होतं," एवढंच म्हणतो. मग एखाद्या दुपारी आपल्या डब्यातला दहीभात पानावर काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवतो आणि हात जोडून कावळ्याची वाट बघतो. डोंबिवलीहून डबा आणायचा तो कावळ्याला घालायला! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याच्या घरीच कोणीतरी गेलं.

'मागे जा' हे बटण सरांनी काढलं, कारण "आपली कंपनी मागे जात नाही." त्यानंतर चुकून खोकल्याच्या औषधावर बोट पडलं, तर पैसे भरणं किंवा फोन बंद करणं एवढेच मार्ग उरले. मग सरांनी बक्षिसांचं रंगीत चाक आणलं. ते फिरवल्याशिवाय बीपीच्या गोळ्या मिळेनात. चाक फिरवता फिरवता लोकांचं बीपी वाढलं, त्यांनी जास्त गोळ्या मागवल्या, आणि सरांनी विक्री वाढली म्हणून पेढे वाटले. मढवीने पेढा खाल्ला नाही.

मग पाळी आली 'माणसाशी बोला'ची. हे बटण दाबलं की मढवीच्याच टेबलावरचा फोन वाजायचा. "माणूस ही जुनी आयडिया आहे," असं म्हणून सरांनी तिथे आपोआप उत्तरं देणारा बॉट बसवला. डोळ्यांच्या थेंबांऐवजी मूळव्याधीचं मलम आलं, असं एकाने त्याला कळवलं. बॉट म्हणाला, "अरे वा! आणखी काय पाठवू?"

या दहाव्याला मात्र कावळा शिवेना. टाकीवर बसून नुसता बघत राहिला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मी हात जोडून म्हटलं, "ते चाक काढायला लावीन." कावळा ढिम्म. आम्हाला शोधत सर वर आले. आधी हसले, मग कावळ्याची नजर बघून गंभीर झाले आणि त्यांनीही हात जोडले. "बटणाबद्दल पुढच्या मीटिंगमध्ये नक्की विचार करू."

कावळ्याने पाठ फिरवली. आमच्या मीटिंगा त्याने खिडकीतून पाहिल्या असणार. सर खाली निघून गेले.

"अरे मढवी, राहिलंय तरी काय याचं?" मी वैतागून विचारलं.

त्याने पानावरचा भात बोटाने सारखा केला. "आंबिवलीच्या एक आजी होत्या ना, रोज बटण दाबायच्या. औषध नको असायचं गं त्यांना. 'जेवलास का रे?' एवढंच विचारायच्या. आई गेल्यापासून दुसरं कोण विचारतंय? आता मी त्यांना कुठे शोधू? नंबरपण दिसायचा नाही."

नंबर न दिसणं ही सुधारणाही सरांचीच.

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्याच्या चुका तेवढ्या काढल्या होत्या. मी पुन्हा हात जोडले आणि कावळ्याला मोठ्याने सांगितलं, "त्या आजी सापडेपर्यंत याला रोज मी विचारीन."

कावळा टाकीवरून उतरला, पानाला शिवला आणि भात खाऊ लागला. मढवीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आम्ही जिना उतरू लागलो.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

"कसा जेवणार?" तो म्हणाला. "डबा तर त्याला दिला."

खाली येताच मी माझा डबा उघडून दोघांच्या टेबलांच्या मध्ये ठेवला.